गाडी उठेपर्यंत

आमच्या गावाला पूर येतो तेव्हा गावात पाऊस असतोच असं नाही. पाऊस पडतो तिकडे गगनबावड्याला, घाटमाथ्यावर. इकडे शिरोळच्या उसात लख्ख ऊन, अंगणात वाळवण घालावं असं, आणि त्या उन्हात नदी गपचूप चढत असते. मी मूळची भंडाऱ्याकडची. आमच्याकडे पाणी येणार असलं की आभाळ आधी सांगतं. धानाच्या बांध्या भरतात, बोडी म्हणजे लहान तळं भरतं, बेडूक घसा फोडतात, मग कुठं नदीचं नाव निघतं. इथलं हे उन्हातलं पाणी मला इतक्या वर्षांतही सवयीचं झालेलं नाही. आषाढ लागला की माझी झोप जाते.

या आठवड्यातही तसंच झालं. पंचगंगा पात्राबाहेर पडल्याची बातमी आली आणि त्याच सकाळी ऊन पडलं. मी शेडचं दार उघडलं, तर आतून हळदीचा वास आला.

तो वास गाडीचा. अण्णांनी ती घेतली तेव्हा ती सांगलीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात हळदीच्या पोत्यांखाली होती. किती वर्षं होती, ते व्यापाऱ्यालाही सांगता येईना. फ्रान्सची गाडी, एके काळी श्रीमंतांनी मिरवायची. लांबलचक नाक, मागची चाकं अर्धी झाकलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला आणि त्याला दांडी एकच. क्लच नाही. गिअरचा दांडा बाजूला ढकलला की इंजिन सुरू होतं. ब्रेकला पेडल नाही, रबराचं एक गोल बटण आहे, अळंबीसारखं. आणि पुढचे दिवे वळणाकडे वळून बघतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी घाबरून पदर तोंडाला लावला होता.

पण खरी गंमत तिच्या बसण्याउठण्यात आहे. तिला स्प्रिंगा नाहीत. हिरवं तेल आणि वायू भरलेले लोखंडी गोळे यांच्यावर ती तोललेली असते. बंद करून ठेवली की तेलाचा दाब उतरत जातो आणि ती हळूहळू खाली बसते, पोट जमिनीला टेकेल इतकी. सकाळी सुरू केली की आधी मागचा भाग उचलते, मग पुढचा. थेट म्हशीसारखी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले इक्बालमिस्त्री तिला म्हसच म्हणतात. अण्णांनी गाडी पहिल्यांदा त्यांच्या दारात ओढत नेली तेव्हा ते तिच्याभोवती फिरले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले की असली गाडी घेणारा एक तर राजा असतो, न्हाईतर येडा. आणि अण्णा, राजा तर तुमी न्हाई.

अण्णा म्हणजे भूपालअण्णा, ज्यांच्या घरी मी राहते. त्यांच्या पत्नी अक्का. अक्कांना सांभाळायला मी इथं आले. माझी शाळा आठवीत धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्यामागून इचलकरंजीला आले, तो सूतगिरणीत होता. नंतर तो दुसरीकडे गेला, मला न सांगता, आणि माझं परतीचं घरही तोवर राहिलं नव्हतं, माय गेली होती. कुणीतरी या घरचं नाव सांगितलं. मी पिशवी घेऊन आले तेव्हा अक्का पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. गुडघे कामातून गेलेले, किडनी नुकतीच बिघडलेली. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जेवलीस का.

हे घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण आटोपतं. कांदा नाही, बटाटा नाही. मला रात्री भूक लागायची आणि सांगायची लाज वाटायची. चार-पाच दिवसांनी माझ्या खोलीत झाकून ठेवलेली भाकरी दिसायला लागली. शेजारी एक कांदा. अक्का स्वतः कांद्याला हात लावत नाहीत. तो त्यांनी शेजारणीकडून मागवला होता आणि चिमट्याने धरून ठेवला होता. अजून कधी चिडल्या की म्हणतात, तुझ्या कांद्यासाठी मला नरकात जागा राखून ठेवलीया. उपकार हा शब्द मला मोठा वाटतो, पण त्या कांद्याला दुसरं काय म्हणू?

त्या बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात, इकडच्या जुन्या बायका बोलतात तसं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता कधीकधी माझ्याच तोंडून निघतं.

गाडी अण्णांनी हौसेपायी घेतली. अक्कांनी तिला दारात पाहिलं तेव्हा म्हणे इतकंच म्हणाल्या, माझ्याच वयाची दिसतीया, आणि माझ्यासारखीच गुडघ्यातनं गेल्याली. पण पुढं अक्कांना एक दिवसाआड डायलिसिसला कोल्हापुरात न्यायची वेळ आली तेव्हा त्या हौसेचा अर्थच बदलला. मुलगा सन्मती पुण्याला असतो, त्याने नवी उंच गाडी पाठवली होती. तिच्यात अक्कांना चढवायचं म्हणजे दोघांनी पोतं उचलावं तसं उचलायचं. अक्का ओठ दाबून सहन करायच्या आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एकदा अण्णांनी ही जुनी गाडी पडवीच्या कडेला आणून उभी केली, सीटजवळची उंची बदलायची दांडी खाली केली आणि गाडी बसली. सीट खुर्चीच्याही खाली गेली. अक्कांनी नुसतं स्वतःला मागे सोडलं आणि त्या आत होत्या. मग गाडी त्यांना घेऊन उठली. अक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. हळद लागलेल्या नवरीसारखा चेहरा. त्या दिवसापासून दुसऱ्या गाडीचं नाव निघालं नाही.

म्हणून ती उठली पाहिजे. माझ्या काळजीला एवढंच एक टोक आहे. गॅसचं बटण मी तीनदा बघते, कडी दोनदा, पण सकाळी शेडमध्ये जातानाची धास्ती निराळी. आज उठेल का. ती उठली नाही तर अक्का जाणार कशा, आणि अक्का गेल्या नाहीत तर.

पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नाही.

मागच्या मोठ्या पुराच्या वर्षी असंच ऊन होतं.

आमच्या गावात बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर, आणि तिच्यापुढे दगडी मानस्तंभ. स्तंभाच्या चौथऱ्याला पाणी लागलं की घर सोडायचं, हा या घराचा नेम. अण्णांच्या वडलांनी घालून दिलेला, त्यांना त्यांच्या वडलांनी. चौथरा कोरडा तोवर निघणं म्हणजे भित्रेपणा, आणि नुसता भित्रेपणाच नाही, वाडवडलांवर अविश्वास. गल्लीतली माणसं सामान बांधत होती आणि अण्णा काठी टेकत दर तासाला चौथरा बघून येत होते. कोरडा हाय, कोरडा हाय. मी मागे धुणं धूत होते. मागच्या ओढ्याचा आवाज मला बदललेला वाटला. ओढा वाहतो तसा वाहत नव्हता, फुगून मागं सरकत होता. मी अण्णांना हळूच सांगितलं. ते रागावले नाहीत, हसले. तू तळ्याकाठची, म्हणाले, नदी तुला काय कळणार. मी परत धुण्याकडे वळले. ज्याच्या भाकरीवर जगतो त्या घराला शिकवायला आठवीत शाळा सुटलेली बाई कोण लागून गेली.

चौथरा शेवटपर्यंत कोरडा होता. पाणी ओढ्याने मागून आलं आणि रस्ता गिळून बसलं. अलीकडे नव्या रस्त्यासाठी भराव घातला होता, त्याने पाण्याची वाट बदलली होती. वडलांच्या वेळी तो भराव नव्हता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा अक्कांचा डायलिसिसचा दिवस आधीच चुकला होता. तोंडावर सूज, बोलताना दम. अण्णांनी गाडीची दांडी सगळ्यात वर केली. गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी उंच झाली. मी मागे, अक्कांचं डोकं माझ्या मांडीवर. पाण्याचा रंग चहासारखा. रस्ता कुठं आहे ते दोन्हीकडच्या उसाच्या शेंड्यांवरून ओळखायचं. अण्णा इतक्या सावकाश चालवत होते की शेजारून वाहत जाणारी कडब्याची पेंडी आमच्या पुढं गेली.

आणि मधोमध इंजिन बंद पडलं.

ती शांतता मला अजून ऐकू येते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे ही गाडी खाली बसणार. पाणी वर येत होतं आणि आम्ही खाली जात होतो. अण्णांनी दांडा ढकलला, पुन्हा ढकलला. मी पायाखालच्या चटईवर हात ठेवला. ओली होती. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला, तर बोटं बुडली. अक्कांना कळू नये म्हणून मी तो हात लुगड्याला पुसून त्यांच्या कपाळावर ठेवला. त्या म्हणाल्या, हात गार लागतोय तुझा.

मागून ऊसवाहतुकीचा एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं, शेळ्या, एक कपाट. ट्रॅक्टरवाला अनोळखी. त्याने वरून आमच्याकडे पाहिलं आणि दोर सोडता सोडता म्हणाला, "पावणं, ही गाडी हाय का होडी?"

अण्णा दांडा ढकलतच होते. उत्तर मागून अक्कांनी दिलं, धापा टाकत. "होडी असती तर तुझ्या दोराची गरज लागली नसती की."

ट्रॉलीतली माणसं हसली. मीही हसले आणि मग मला रडू आवरेना. आम्हांला ओढून काढलं तेव्हा गाडी अजून पुरती बसलेली नव्हती. पावसाळ्यापूर्वी इक्बालमिस्त्रींनी सगळी रबरी सीलं बदलली होती. ती तेवढा वेळ तग धरून राहिली. अक्का वाचल्या, पण त्या दिवसानंतर त्या कधी पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. आवाज बारीक झाला. आणि अण्णा चौथऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर. मीही नाही. घरात एखादी वस्तू फुटते आणि सगळे तिच्यावरून पाय उचलून जातात, तसं ते न बोललेलं वाक्य आमच्यात पडून राहिलं.

त्या हिवाळ्यात गाडी पुन्हा उभी केली. तिच्यात गाळ कुठं कुठं गेला होता म्हणून सांगू. दरवाजाच्या पोटात, दिव्यांच्या मागे, घड्याळाच्या काचेत. इक्बालमिस्त्री शिव्या देत गावात येऊन राहायचे आणि अक्का पडवीतून त्यांना म्हणायच्या, मिस्त्री, माझ्या कानात जाऊ देऊ नका, माझा आज उपास हाय. पितळी नळ्या एकेक सोडवून मी रॉकेलने धुवायची. अण्णा उन्हात बसून त्या पुसायचे, आणि पुसलेल्याच पुन्हा पुसायचे. तेव्हा मला कळलं की त्यांना नीट दिसत नाही. काचबिंदू. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

सीटमधला फोम कुजला होता. तसला फोम मिळेना. अक्का म्हणाल्या, वाकळ शीव. इकडे जुन्या लुगड्यांचे थर लावून गोधडी शिवतात तिला वाकळ म्हणतात. मग अक्कांची जुनी लुगडी निघाली, एक त्यांच्या लग्नातलं. त्या खाटेवरून सांगायच्या, मी टाके घालायची. टाका लहान घाल, आम्ही बसणार हाय त्याच्यावर, म्हणायच्या. वरून कातडी खोळ चढवली. आज त्या फ्रेंच सीटमध्ये काय आहे ते आम्हां दोघींनाच माहीत. पहिलं कडक ऊन पडेपर्यंत गाडीला गाळाचा वास येत होता. फाल्गुनात एका दुपारी मी दार उघडलं आणि हळद आली. एवढ्या पुरातून. मी तिथंच सीटवर बसून राहिले थोडा वेळ.

नंतर अण्णांनी मला गाडी शिकवली, उसाच्या पाणंदीत. परवाना मी शिकाऊ गाडीवर काढला, पण चालवायला शिकले ते हिच्यावर. अण्णा शेजारी बसून नुसतं ऐकायचे. पंपाचा टिकटिक आवाज, मग मागचा भाग वर, मग पुढचा. मी घाईत पुढे न्यायला बघायची आणि ते हात आडवा धरायचे. "उठू दे तिला. उठल्याबिगर हलवायची न्हाई." आता अण्णांना दिसत नाही म्हणावं इतकं कमी दिसतं. एक दिवसाआड कोल्हापूरला मी नेते. हायवेला पोरं मोबाइल काढून गाडीचे फोटो घेतात. माझं लक्ष तिकडे नसतं. मी स्टिअरिंगमागचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा बघत असते, तो पेटू नये म्हणून.

सन्मतीचे फोन येतात. गाडी विकू या, घेणारे पुष्कळ आहेत, आईला पुण्याला आणू. तो चुकीचं बोलत नाही. मुलगा आहे, त्याला काळजी आहे. पण फोन ठेवला की माझं मन उगाच पिशवी भरायला लागतं.

तर परवाची सकाळ. ऊन, हळदीचा वास, आणि अण्णा शेजारच्या बाबूच्या खांद्यावर हात ठेवून चौथरा बघायला गेलेले. बघायला म्हणजे हात लावून बघायला. परत आले आणि पडवीत बसले. कोरडा हाय, म्हणाले. अक्कांचा डायलिसिसचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. उद्या बघू, असं ठरलं. खरं म्हणजे ठरलं नाही, अण्णा बोलले आणि सगळे गप्प राहिले.

मी मागच्या दाराशी गेले. ओढा फुगलेला. त्याच्यावरून एक वाळकी काटकी चालली होती, उलट्या दिशेला, नदीकडून आमच्याकडे.

मी तिथं किती वेळ उभी होते ते ठाऊक नाही. या घराने मला कधी नोकर म्हटलं नाही, म्हणूनच माझ्याने उलट बोलवत नव्हतं. रागावणाऱ्या मालकाशी भांडता येतं. चिमट्याने कांदा आणून ठेवणाऱ्या माणसांशी कसं भांडायचं? आणि समजा पाणी आलंच नाही तर? अक्कांना त्रास देऊन, म्हाताऱ्याचा मान मोडून, मी त्यांना उगाच ओढत नेलेलं असेल. माझी काळजी मला ठाऊक आहे, ती शंभरातल्या नव्वद वेळा खोटं बोलते.

मी शेडमध्ये गेले. हिरवं तेल बघितलं. किल्ली फिरवली, दांडा बाजूला ढकलला. पंप टिकटिक करू लागला. गाडी उठेना. मी सीटवर बसून वाकळीला घट्ट धरलं, कातड्यावरूनच. मग मागचा भाग हलला, वर गेला. मग नाक उचललं. शेडच्या दारातलं ऊन काचेवरून खाली घसरलं.

अण्णा आवाज ऐकून अंगणात आले होते. काठी एकदा जमिनीवर आपटली. "कुणी सांगितलं सुरू कराय?"

"कुणी नाही."

"चौथरा कोरडा हाय. मी हातानं बघून आलोय."

मी इंजिन बंद केलं नाही. "मागच्या खेपेलाही कोरडाच होता, अण्णा."

इतक्या वर्षांत पाय उचलून ज्याच्यावरून गेलो, ते वाक्य असं अंगणात येऊन पडलं. अण्णा माझ्याकडे बघत होते, म्हणजे आवाजाकडे. त्यांचा चेहरा वाचायला मला धीर झाला नाही. शेजारचा बाबू हळूच फाटकाबाहेर सटकला. गाडी आपली टिकटिक करत उभी.

मग आतून बारीक आवाज आला.

"तिनं उठवलीया न्हवं गाडी? मग आता बसव म्हणावं. मी येतो."

मी गाडी पडवीच्या कडेला आणली, दांडी खाली केली. ती बसली. अक्कांनी स्वतःला मागे सोडलं. अण्णा जागचे हलले नव्हते. अक्का आतूनच म्हणाल्या, तुमी चौथरा राखत बसणार असाल तर बसा, तिथं भाकरी कुणी आणून देणार न्हाई. तेव्हा ते आले, हाताने दार चाचपत, आणि पुढे माझ्या शेजारी बसले. मी गाडी पूर्ण उठेपर्यंत थांबले. त्यांनी हात आडवा धरला नाही. गरज नव्हती.

रस्ता कोरडा होता. ओढ्याच्या पुलाखाली पाणी होतं, पण खालीच. दोन्हीकडे ऊस, वर ऊन, सायकलवरून पोरं शाळेला चाललेली. एवढ्या कोरड्या रस्त्यावरून गाडी चालवताना मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता आम्ही कोल्हापुरात आहोत, अक्कांच्या बहिणीकडे. काल अक्कांचं डायलिसिस वेळेवर झालं, आज त्यांनी चहा मागून घेतला. गावातून पाण्याची काही खबर नाही. इथं मात्र आता पावसाने धार धरली आहे. मला गावात कोरडं हवं आहे का पाणी, हेच कळत नाही. पाणी नाही आलं तर मी खोटी. आलं तर घर जातं, गल्ली जाते, बाबूची शेळी जाते. माझं खरं ठरण्यासाठी असं काही मागायचं म्हणजे पाप. म्हणून मी काहीच मागत नाही, जिना उतरून गाडी बघून येते. ती पावसात बसलेली असते.

प्रवासात अण्णा माझ्याशी बोलले नव्हते. काल दिवसभरही नाही. आज सकाळी त्यांनी मला बाबूला फोन लावून द्यायला सांगितला. मी लावला, त्यांच्या हातात दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिले. दर पुरात त्यांचा पहिला प्रश्न चौथऱ्याचा असतो, ते मला ठाऊक आहे. अण्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि फोन कानाला लावला.

"बाबू," ते म्हणाले, "ओढ्याचं पाणी कुठवर आलंय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला पावसात ऐकू आलं नाही.